अंतरावरची आंघोळ

रबरी नळी जेवढी ताणली जाईल तेवढी ताणून गार्डसाहेब मागच्या दाराच्या वरच्या पायरीवर उभे होते. खाली, अंगणाच्या पार टोकाला, नळाच्या पाइपाला अडकवलेला गब्दुल डोळे मिटून अंगावर फवारा घेत होता. दोघांच्या मध्ये अख्खं अंगण होतं. गार्डसाहेबांच्या मते तेसुद्धा थोडं कमीच पडत होतं.

गब्दुल म्हणजे लेकीचा कुत्रा. गुडघ्याएवढा, मधाच्या रंगाचा आणि नखशिखान्त कुरळा. अंगावर केसांचा एवढा संभार, की बघणाऱ्याला वाटावं रोज तूपसाखर चारतात. म्हणून नाव गब्दुल. जात गरीब. आजवर कुणाला चावला नव्हता, आणि पाववाला सोडला तर कुणावर भुंकलाही नव्हता. हे गार्डसाहेबांना लेकीने परोपरीने सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. भीतीला असल्या साक्षी चालत नाहीत.

गार्डसाहेबांची उभी हयात बँकेच्या दारात बंदूक घेऊन गेली. सहा फूट उंची, भरघोस मिशा, आवाज असा की सुट्टे मागायला आलेलं माणूस आपोआप रांगेत उभं राहायचं. गल्लीत अजूनही त्यांना त्याच नावाने हाक मारत. अशा माणसाला कुत्र्याचं भय आहे, आणि तेही लहानपणापासून, हे जगात एकट्या बायकोला ठाऊक होतं. समोरून कुत्रं आलं की ती काही न बोलता त्या बाजूला होऊन चालायची. लग्नानंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं असेल. त्यावर दोघांत एका शब्दाचं बोलणं झालं नाही. एखादं माणूस असं देवाने आपल्या वाटेला लावून दिलेलं असतं, ते असेपर्यंत कळत नाही. ती गेली आणि गार्डसाहेब कुत्रं दिसलं की बुटाची नाडी बांधायला वाकू लागले, किंवा पलीकडच्या फुटपाथवर काहीतरी काम असल्यासारखे रस्ता ओलांडू लागले.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती दुसऱ्या गावी राहायची. नवरा सोडून गेला, घर खायला उठलं, तेव्हा या मुक्या जिवाने तिला धरून ठेवलं होतं. हे तिचेच शब्द. आता तिच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं आणि गब्दुलला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. प्रश्न कसला, तिच्या मनात उत्तर तयारच होतं.

जाण्याआधी तिने सगळं समजावून दिलं. केस रोज विंचरायचे, आणि वरवर नाही. एकेक थर बाजूला करून ब्रश पार कातडीपर्यंत जायला हवा. मग कंगवा फिरवायचा, तो कुठे अडला नाही म्हणजे झालं. आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. आंघोळीआधी विंचरायचंच, आणि नंतर अगदी कोरडं करायचं. "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त जातेय," असं म्हणून तिने त्यांचा हात दाबला. गार्डसाहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ऑपरेशनला निघालेल्या लेकीसमोर बापाने कशी सांगावी असली गोष्ट?

पहिल्या दिवशी ब्रश घेऊन ते गब्दुलजवळ गेले. गब्दुलने आनंदाने तोंड वर केलं. जीभ बाहेर, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना ते पांढरे दात. गार्डसाहेब होते तसे मागे फिरले आणि ब्रश कपाटावर ठेवला, वर, हात सहज पुरणार नाही असा.

मग त्यांच्या भित्र्या डोक्याने एक तोड काढली. विंचरायचं म्हणजे जवळ बसणं आलं, हनुवटीखाली हात घालणं आलं. आंघोळ मात्र लांबून घालता येते. नळीचा फवारा मारला, साबणाचं पाणी बादलीने फेकलं, पुन्हा फवारा, की कुत्रं कसं लख्ख दिसतं. तेव्हा विंचरणं चुकलं तर आंघोळ वाढवावी. एक दिवसाआड ते गब्दुलला न्हाऊ घालू लागले. साखळी त्याच्या गळ्यात कायमची अडकवलेली असे, तिचं टोक तेवढं झाडूच्या दांड्याने ओढून घ्यायचं. जेवणाचं ताटलंही त्याच दांड्याने पुढे सरकायचं. न्हाऊन झालं की गब्दुल आपला आपण उन्हात बसून वाळायचा.

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. गब्दुलचं झालं का, विचारायची. झालं, म्हणायचे. कानांच्या मागे? तिथेही. काखेत? काखेतसुद्धा. ऑपरेशन नीट झालं होतं, व्यायामासाठी डॉक्टरांनी तिला महिनाभर तिथेच ठेवून घेतलं होतं, तिचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत होता, आणि प्रत्येक फोननंतर गार्डसाहेबांची नजर कपाटावरच्या ब्रशकडे जात होती.

कारण गब्दुल बदलत चालला होता. आधी त्याच्या कुरळ्या बटा एकमेकींत अडकल्या, मग त्यांचे गठ्ठे झाले. प्रत्येक आंघोळीला वाटायचं, साबणाने सुटतील. पण वाळले की ते आणखी घट्ट बसायचे. होता होता सगळ्या अंगावर काथ्याच्या पायपुसण्यासारखं एकच जाड आवरण तयार झालं. साबणाच्या वासाखालून एक आंबूस वास येऊ लागला. गब्दुल पायरी चढायला कांकू करू लागला. चालताना पावलं अशी आखूड टाकायचा, जसं कुणी त्याला त्याच्याच केसांनी बांधून घातलंय. गार्डसाहेब जाळीच्या दाराआडून हे बघत. वाईट वाटे. देवाने याला तोंड दिलं आणि बोलणं दिलं नाही, आणि आपल्याला बोलणं दिलं तर आपण खोटं बोलतोय, असंही वाटे. पण दार उघडून पुढे जायची वेळ आली की पाय जागचे हलत नसत.

एका सकाळी गब्दुल ताटल्यापाशी आलाच नाही. पुढचा पाय उचलून काखेत चाटत बसला होता. गार्डसाहेबांनी दांड्याने ताटलं आणखी पुढे लोटलं. दांडा त्याच्या खांद्याला लागला, आणि गब्दुल गुरगुरला.

पहिल्यांदाच.

दांडा टाकून गार्डसाहेब आत आले, दाराला कडी घातली आणि स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसले. तेवढ्यात फोन वाजला. लेक म्हणाली, डॉक्टर उद्या घरी सोडताहेत. सरळ तुमच्याकडेच येते, गब्दुलला बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आता भय दोन्हीकडून आलं. बाहेर दात होते, आणि फोनमध्ये लेक. कुत्र्याला काही बरंवाईट झालं तर ती एकटी पडेल. आणि नाही झालं, तरी बापावर ठेवलेला तिचा विश्वास उद्या दुपारी या अंगणात उघडा पडेल. स्टुलावर बसून त्यांनी देवाचं नाव घेतलं. मला धीर दे, असं नाही मागितलं, तेवढी आशा नव्हती. या जिवाला वाचव, एवढंच म्हणाले. मग उठून कडी काढली.

बाजाराच्या रस्त्यावर कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईंचं दुकान होतं. साखळीच्या एका टोकाला गब्दुल लंगडत होता, दुसऱ्या टोकाला हात पुढे ताठ धरून गार्डसाहेब. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने विचारलं, साहेब, आरोपीला कोर्टात नेताय की काय? गार्डसाहेबांना हसू आलं नाही.

बाई अंगाने थोराड, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी गब्दुलला उचलून टेबलावर ठेवलं, केसांत बोटं घालून पाहिली. ती आत जाईनात.

"काका, हे कसं झालं?"

गार्डसाहेबांनी सांगितलं की स्वच्छता तर कडक होती, एक दिवसाआड आंघोळ होती. बाईंनी विचारलं, आणि विंचरणं? गार्डसाहेब भिंतीवरच्या कात्र्यांकडे बघू लागले.

मग बाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. या केसांचा गुंता पाण्याने सुटत नाही, आवळतो. आधी विंचरून मोकळं करायचं आणि मगच पाणी, तेही महिन्याकाठी. सारखं धुऊन कातडीचं तेल गेलंय, ती कोरडी पडून तडकलीय. आतली ओल वाळत नाही म्हणून काखा आणि कानांच्या मागे चिघळलंय. "एकेक केस ओढला जातोय याचा, काका. उठता-बसता, झोपेतसुद्धा. आंघोळ नाही हो ही, शिक्षा आहे."

आता विंचरण्याजोगं काही उरलं नव्हतं. सगळं कातडीपासून मशिनने उतरवायला हवं, बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताखालची बाई बाळंतपणाला गेली होती. मुसकं बांधावं तर त्याचा पट्टा नेमका चिघळलेल्या जागी येणार. "डोकं तुम्ही धरा. तुमची सवय असेल त्याला."

गार्डसाहेबांनी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत बाईंनीच त्यांचा एक तळवा गब्दुलच्या जबड्याखाली बसवला, दुसरा मानेमागे, आणि म्हणाल्या, चेहरा जवळ आणा, म्हणजे त्याला मशीन दिसणार नाही.

मशीन सुरू झालं. समोर वीतभर अंतरावर ते दात होते. पिवळसर, एकाचं टोक किंचित झिजलेलं. गरम श्वास त्यांच्या मिशांवर येत होता. गब्दुल गुरगुरू लागला. ते गुरगुरणं त्यांना कानांनी ऐकू येण्याआधी तळव्यात कळलं. गळ्याखाली काहीतरी धडधडत होतं, आणि ती धडधड त्याची की आपल्या मनगटाची, हे त्यांना काही केल्या उमजेना. "देवा, देवा," ते पुटपुटू लागले. श्वास आत घेताना देवा, सोडताना देवा. बाईंना वाटलं, कुत्र्यालाच समजावताहेत.

काखेत पोचल्यावर गब्दुलने हिसडा दिला. मान वळली आणि जबडा गार्डसाहेबांच्या मनगटावर मिटला.

दात लागले. पण रुतले नाहीत. गब्दुलने मनगट नुसतं तोंडात धरून ठेवलं, जसं कळ आली की माणूस पदराचा बोळा तोंडात धरतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, आणि सगळं अंग लटलट कापत होतं. गार्डसाहेबांनी हात सोडला नाही. धैर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. भीतीने बोटं अशी आखडली होती की सोडायची कशी हेच त्यांना आठवत नव्हतं. ते नुसते बघत राहिले. एवढं घाबरलेलं कुणी त्यांनी आजवर आरशाबाहेर पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने गब्दुलने आपणहून तोंड उघडलं आणि हनुवटी पुन्हा तळव्यात ठेवली.

केस एका तुकड्यात निघाले, उतरवलेल्या कोटासारखे. टेबलावर उभ्या राहिलेल्या जिवात गब्दुल म्हणावं असं काही नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात, गुलाबी कातडी, पायांच्या काड्या. एवढासा होता तो. बाईंनी मलम लावलं आणि बजावून सांगितलं की आठवडाभर ऊब द्या. केस बोटभर वाढले की मऊ ब्रशने सुरुवात करा, रोज.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी थांबली. लेक कमरेला पट्टा बांधून, दाराची चौकट धरून हळूहळू आत आली. खोलीच्या मधोमध गब्दुल उभा होता. अंगात गार्डसाहेबांचा राखाडी लोकरी स्वेटर, बाह्या दुमडून दुमडून पुढच्या पायांत चढवलेल्या, बटणं पोटाखाली. तिला बघून त्याने अख्खं अंग हलवलं. ती वाकून बघायला गेली, कमरेने वाकू दिलं नाही, तशीच भिंतीला टेकली.

गार्डसाहेबांनी रात्रीपासून बरीच कारणं जुळवून ठेवली होती. गोचिडी, पिसवा, डॉक्टरांचा सल्ला. त्यातलं एकही तोंडून निघेना.

"मी विंचरलंच नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. नुसतीच आंघोळ घालत होतो, लांबून."

"रोज तर सांगत होतात."

"खोटं सांगत होतो. मला भीती वाटते गं. याची. सगळ्याच कुत्र्यांची. पहिल्यापासून."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात राग होता हे त्यांना दिसलं. तिने गब्दुलकडे पाहिलं, कानांच्या मागच्या मलमाकडे पाहिलं.

"मग कापताना धरलं कुणी याला?"

"मी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. गार्डसाहेब खाली मान घालून उभे होते.

"गळ्याजवळचं बटण राहिलंय," ती शेवटी म्हणाली. "गार वारा जाईल आत. मला वाकता येत नाही, बाबा."

ते बटण राहून गेलं नव्हतं. काल खालची सगळी लावून झाल्यावर तिथे, जबड्याखाली, हात गेला नव्हता.

गार्डसाहेब एक गुडघा टेकून खाली बसले. मग दुसरा. हात पुढे केला. गब्दुलने तोंड वर केलं. पहिल्यांदा बटण काजातून निसटलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला बसलं. लेक भिंतीला धरून बघत होती. बटण लागलं तरी तो मोठा हात थोडा वेळ तिथेच राहिला, गळ्याखाली.