डाईंगचं मीठ

मी दहावी नापास. पूर्णा गावात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी आठवी-नववीची पोरं माझ्याकडे विज्ञान शिकायला यायची. इंग्रजीनं माझा घात केला. विज्ञान मी नंतर शिकलो, रद्दीतली पुस्तकं आणून, एकटाच. संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर आमचा वर्ग भरायचा.

ब्याण्णवचा फेब्रुवारी. धडा होता मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. पोरांना सांगितलं होतं, घरातून एकेक वस्तू आणा आणि ती कशात मोडते ते सांगा.

जानूनं तांब्याची तार आणली.

"मूलद्रव्य. नुसतं तांबं. दुसरं काय न्हाय त्यात."

"बरोबर. कुणाच्या मोटारीतली?"

"आता कुणाचीच न्हाय, सर."

सगळे हसले. गोदूनं लिंबू आणलेलं. "रस म्हणजे मिश्रण, सर. पाणी, आंबट, थोडी साखर. बिया मोजायच्या का?"

चंद्रानं कागदाची पुडी सोडली. मीठ होतं. "संयुग. सोडियम आणि क्लोरिन. दोन्ही वेगवेगळे घेतले तर माणूस मरतो. एकत्र झाले की आपण आमटीत टाकतो."

पोरगी हुशार. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता मिश्रण करून दाखवू. मिठावर लिंबू पिळलं तर नवीन पदार्थ तयार होत नाही, नुसतं आंबट-खारट होतं. बशीत मीठ घेतलं. लिंबू कापलं, पिळलं.

फसफसलं.

मग धूर निघाला. तपकिरी. नाकात झोंबला.

"सर," जानू म्हणाला, "हे तर नवीन झालं की."

या वेळी कुणी हसलं नाही.

मी पुडीतले खडे उजेडात धरले. किंचित पिवळसर. मी आधी डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, कामाला होतो. म्हणून ओळखलं. नायट्राइट. काही रंगांना लागतं ते. दिसायला मीठ, चवीलाही थोडं खारट. पण पोटात गेलं की रक्त प्राणवायू वाहून न्यायचं सोडून देतं. माणूस मोकळ्या हवेत बसल्या जागी गुदमरतो.

"चंद्रा, हे कुठनं आणलं?"

"बाबांनी. डाईंगमधून. नेहमीच आणतात ना."

ते खरं होतं. डाईंगला खाण्याचं मीठही पोत्यांनी लागतं, त्यानं रंग सुतात नीट शिरतो. पोतं फाटलं की उरलेलं मीठ कामगार घरी न्यायचे, मालक काही बोलायचा नाही. आमच्या घरीही तेच यायचं. दोन्ही पोती पांढरी, वर छापलेलं सगळं इंग्रजीत. वाचतो कोण?

"हे कधी उघडलं?"

"आज. ताईची हळद आहे ना, मटणाला काढलं. त्यातलंच मी..."

ती उठली. चप्पल तिथेच टाकून पळाली. मी तिच्या मागं.

मांडवात पहिली पंगत बसली होती, भिवंडीची सोयरी माणसं. पानात तांदळाची भाकरी पडलेली. मटणाचं पातेलं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलेलं, वाढपी बादल्या घेऊन उभे.

"सावळारामकाका, वाढू नका. त्या मिठात विष आहे."

चंद्राच्या बापानं माझं मनगट धरून मला मांडवाबाहेर ओढलं. "हळू बोल. पावने बसलेत."

"ते मीठच नाही, काका. मी आत्ता पाहिलं."

"इतकी वर्सं तेच खातो. मेलो का मी? तुझी दहावी न्हाय सुटली, आन् माझ्या पोरीच्या हळदीत मास्तरकी करतोस?"

इतकी वर्षं ते मीठच होतं, हे त्याला कसं सांगू?

चंद्रा पातेल्यासमोर जाऊन उभी राहिली. तिची आई, द्रौपदीकाकू, दबक्या आवाजात ओरडली, "बाजूला हो गो, मेल्ये! लोकं बघतान."

तेवढ्यात मला आचारी दिसला. महादू. मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता, तोंड उघडं.

"महादूदादा, चव घेतलीत?"

"दोन-चार येला. खारटपना येईना म्हून परत टाकला." मध्येच थांबून त्यानं श्वास घेतला. "जरा धाप लागलीय. चुलीचा धूर गेला वाटतं."

त्याचे ओठ जांभळे झाले होते. सावळारामकाकानं वाकून त्याचा हात उचलला. नखं पाहिली. तीही जांभळी.

मग उठला, पातेल्याला खांदा लावला आणि ते आडवं केलं. रस्सा सारवलेल्या अंगणात पसरला. बायका किंचाळल्या. पाहुणे उठले. कुत्रं धावत आलं, चंद्रानं त्याला काठीनं हाकललं. महादूला टेंपोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरला काय सांगायचं ते मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

"पोत्यातलं बाकीचं कुठंय?" मी विचारलं.

काका खाली बसला होता. "अर्धाच आनला मी. अर्धा बिस्सीत दिला."

बिस्सी म्हणजे लूमवर, यंत्रमागांवर, काम करणाऱ्यांची खानावळ. घरदार मुलखात ठेवून आलेले कारागीर तिथं दोन वेळ जेवतात.

"कुठली बिस्सी?"

"भिवंडीतली, धामणकर नाक्याच्या मागची. दुपारला जुना मीठ होता त्यांच्याकडं. हा रातच्याला काढतो, बिस्सीवाला बोलला."

रिक्षा मिळाली. नाक्याच्या अलीकडे ट्रकच्या रांगेत अडकली. उजव्या बाजूच्या कारखान्यातले लूम बंद पडले, मग त्याच्या पलीकडचे. शिफ्ट सुटत होती. केसात कापसाची भुकटी, खांद्यावर गमछा, माणसं ट्रकमधून वाट काढत निघाली होती. सगळी एकाच बाजूला.

काका रिक्षातून अर्धा बाहेर वाकला. "अरे भाई! बिस्सी में मत खाना आज!"

"तो क्या तेरे घर खाएँ, चाचा?" एक जण हसत म्हणाला आणि चालत राहिला.

आम्ही उतरून पळत सुटलो. मिळेल त्याचा खांदा धरून काका सांगत होता. माणसं हात झटकून पुढं जात होती.

बिस्सीच्या गल्लीत वळलो तेव्हा आत ताटं वाजत होती.