शालीकरामच्या स्लॅबवरचं मशीन

शालीकराम पटले दोन वर्षं अर्ज करत होते, तेव्हा कुठे दवनीवाड्याकडच्या त्यांच्या गावात हवा तपासायला प्रदूषण मंडळाने मला पाठवलं. सिमेंट कारखान्याचे ट्रक त्यांच्या दारावरून जातात आणि त्यांचा खोकला थांबत नाही. धूळ मर्यादेबाहेर निघाली, तरच ट्रकना वेगळा रस्ता मिळणार होता.

सकाळी सहाला मी त्यांच्या स्लॅबवर मशीन लावलं. ते हवा ओढतं, आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ साचते. चोवीस तासांनी कागद काढून त्याचं वजन करायचं. शालीकराम नेमके त्याच दिवशी छातीचा फोटो काढायला गोंदियाला गेले आणि लेकीकडे राहिले. ते घरी असते तर पुढचं घडलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी येऊन कागद काढला, तर जवळजवळ कोराच! मोटर तपासली, ठीक. मग खाली पाहिलं. गल्ली धुतलेली, दारोदार रांगोळ्या, ट्रकच्या चाकाची एक खूण नाही.

"सुशिलाबाई, काल ट्रक गेले नाहीत?" मी शालीकरामच्या बायकोला विचारलं.

"कसे जातीन जी? आमी बचत गटाच्या बाया रस्त्यावरच बसलो. टँकर बोलावून गल्ली धुवून काढली. स्वच्छतेच्या तपासणीत आमचा पयला नंबर होता. हवेत गाव नापास होऊ द्याचं का?"

"अहो, नापासच व्हायचं होतं!" मी ओरडलेच. दोन वर्षांत जे ट्रक कोणाला हलवता आले नाहीत, ते या बायांनी थांबवले आणि तेही नको त्या दिवशी. रागवायचं तरी कोणावर?

साहेबांना फोन लावला. "मशीन चाललं ना? मग नमुना बरोबर. उद्या ते अर्जुनी मोरगावला पाहिजे." घडलं ते शेऱ्यात लिहिते म्हटलं, तर शेऱ्याला रकानाच नाही म्हणे. माझं डोकं फिरलं.

मशीन जीपमध्ये बांधलं, तेवढ्यात शालीकराम बसने आले. मी सगळं सांगितलं. ते बायकोकडे नुसतं पाहत राहिले. तेवढ्यात कारखान्याचा ट्रक गल्लीत शिरला. मागोमाग दुसरा, तिसरा. रांगोळ्या गेल्या, समोरचं घर दिसेना. शालीकराम खोकत खोकत ओट्यावरच बसले.

सुशिलाबाई त्यांची पाठ चोळत माझ्यावर ओरडल्या, "पाहून काय राहिल्या मॅडम? लावा ना आता मशीन!"

ड्रायव्हरने जीप सुरू केली होती.