हात जळतो तेव्हा

बेगायिमला नारिन शहरातल्या इस्पितळात नेलं तेव्हा तिला धड उभंही राहता येत नव्हतं. लग्नाआधी सडपातळ व्हायचं म्हणून माझी ही धाकटी बहीण बुरुल आत्याकडचा बारीक होण्याचा चहा पीत होती. बारीक कसली, नुसते जुलाब. डॉक्टर रोझाबाई म्हणाल्या, "अंगातलं पोटॅशियम पार घसरलंय. हृदय दगा देईल. शिरेतूनच द्यायला हवं."

सलाइन सुरू झालं आणि बेगायिम किंचाळली, "ताई, हात जळतोय! काढ ते!"

आत्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसून मांती, म्हणजे खिमा भरलेले वाफवलेले मोदक, खात होती. चरबीचा ओघळ मनगटावरून कोपराकडे निघाला, तो तिनं चाटून घेतला.

"एवढ्याशा सुईला रडतेस? मग बाळंतपणात काय करशील गं?"

"आत्या, तोंड आवर."

"काय वाईट बोलले मी? गाल बघ कसे बसलेत. फोटोत छान दिसेल."

बेगायिम सुई उपटायला निघाली. मी तिचा हात धरून ठेवला. रोझाबाई धावत आल्या. त्यांनी आधी धार कमी केली, सुई शिरेतच आहे ना ते पाहिलं.

"दात काढताना भूल दिली होती कधी? त्रास झाला होता?"

"दिली होती. काही नाही झालं."

हृदयाचा आलेख पाहून त्यांनी नव्या बाटलीत त्याच भुलीच्या औषधाचं अगदी थोडं प्रमाण मिसळलं. "पोटॅशियम शिरेला जाळतंच," त्या आत्याकडे बघत म्हणाल्या. "पोरगी नाटक करत नाहीये."

हळूहळू बेगायिमची मूठ सुटली. "आता नुसतं कोमट लागतंय," ती पुटपुटली.

आत्या तोंड पुसत रोझाबाईंच्या मागे गेली. "हे औषध बाहेर मिळतं का हो? चहानं पोटात मुरडा येतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्यात घातलं तर?"

मी आत्याची पिशवी उचलून बाहेर भिरकावली आणि म्हटलं, "चालती हो."

बेगायिम बरी झाली. शरद ऋतूत लग्नही लागलं. आत्याला वडिलांनी मानाच्या जागी बसवलं. सख्खी बहीण ना त्यांची! तिनं नवरीचे मुके घेतले. बेगायिमनं सगळ्यांदेखत गाल खसाखसा पुसले. "नवरी लाजली," वडील हसत म्हणाले.

मी न जेवताच उठले.