वरून तिसरा फ्यूज

"उजेड दे," पानेकाका म्हणाले, आणि काकूंनी टॉर्चचा झोत इंजिनाच्या पोटात सोडला. सकाळचे अकरा वाजले होते, पण बॉनेटखाली अंधारच असतो. काका कमरेपर्यंत आत वाकलेले. त्यांच्या हातातला पाना प्लगवर बसायच्या ऐवजी शेजारच्या नळीवर दोनदा आपटला.

"माझ्या हातावर नको मारू. मी बघतोय तिथे मार."

"तुम्ही कुठे बघताय ते मला कसं कळणार?"

"अडतीस वर्षं कळत होतं की."

काकूंनी टॉर्च जरा डावीकडे वळवला. या घरात टॉर्चला बॅटरी म्हणायची सोय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात काका "बॅटरी आण" असं ओरडले, तेव्हा काकूंनी कोपऱ्यात पडलेली गाडीची जुनी बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणली होती. ॲसिडने नव्या कपड्यांना भोकं पडली. त्या दिवसापासून टॉर्चचं नाव उजेड पडलं, ते पडलंच.

काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले कारकून. आयुष्यभर फायली उपसल्या, पण जीव सगळा गाडीत. कुठल्याही गॅरेजवाल्याला त्यांनी आपल्या गाडीला हात लावू दिला नव्हता. तेल बदलणं, ब्रेकच्या पट्ट्या, पाण्याची नळी, सगळं सुट्टीच्या दिवशी घरीच. गल्लीत त्यांना पानेकाका म्हणत, आणि नव्याने राहायला आलेल्यांना ते आडनावच वाटे. एकदा लग्नपत्रिकासुद्धा 'श्री. व सौ. पाने' अशा नावाने आली होती, आणि ती त्यांनी मोठ्या कौतुकाने शेडच्या भिंतीला चिकटवली होती.

प्लग निघाला. काकांनी तो काकूंच्या हातात दिला आणि काकूंनी तो अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा ट्रे. गाडीतून जे निघेल ते क्रमाने एकेका खळग्यात जायचं, आणि सोबत चिठ्ठी. कुठला भाग, कितवा, कोणी काढला. हे 'कोणी काढला' मुलाच्या लहानपणी सुरू झालं, कारण बापाचं बघून तोही दिसेल तो स्क्रू काढत सुटायचा. पुढे मुलगा मोठा झाला, शिकला, दूर गेला, पण चिठ्ठीतला रकाना राहिला. काकूंनी कागदाचा कपटा फाडला आणि लिहिलं: 'प्लग. डावीकडून पहिला. यांनी काढला.' नवऱ्याचं नाव घ्यायला त्या लाजत नव्हत्या, पण चिठ्ठीवर सुरुवातीपासून 'यांनी' होतं आणि ते बदलायचं काही कारण कधी पडलं नव्हतं.

काकांनी प्लग पुन्हा उचलला, नाकाशी नेला.

"कोरडा आहे. पेट्रोल येतच नाहीये."

"हं."

"चावी फिरव. मागून आवाज येतो का ऐक."

काकू आत बसल्या आणि त्यांनी चावी अर्धी फिरवली. मागच्या सीटखालून दोन सेकंद गूं असा आवाज यायला हवा. पेट्रोलचा पंप जागा झाल्याचा तो आवाज काकूंना झोपेतही ओळखू आला असता.

"येतोय?"

"नाही."

काका थांबले. सहा दिवस ते रोज इथपर्यंत येत होते आणि इथेच थांबत होते, वाचता वाचता पुस्तकाचं पुढचं पान फाटलेलं निघावं तसे. मग ते पहिल्यापासून सुरुवात करत. बॅटरीची टोकं खाण्याचा सोडा आणि जुन्या टूथब्रशने घासून झाली होती. फिल्टर बदलून झाला होता. बोटांची सालं निघाली होती. आजही त्यांनी थोडा वेळ इंजिनाकडे पाहिलं आणि ते दुसरा प्लग काढायला वाकले.

काकूंना गाडीतून उतरवेना. सहा दिवसांत त्या नवऱ्याशी एकही शब्द खोटा बोलल्या नव्हत्या, आणि तेच त्यांना खात होतं. फ्यूज त्यांनीच काढला होता.

दुसरं काय करणार होत्या? दोन महिन्यांपूर्वी काका पाव आणायला म्हणून गेले आणि तीन तासांनी एका परक्या पेट्रोल पंपावरून फोन आला. "मी कुठे आलोय ते या माणसाला विचार ना," असं ते काकूंनाच म्हणत होते. मग मागच्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी त्यांनी उलट्या दिशेने गाडी घातली आणि फाटकासमोर मधोमध उभी केली. पोरं पळाली, एक मुलगी दप्तरासकट पडली. लागलं नाही कोणाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही. काकांनी मान डोलावली, घरी येताना सवयीने गाडीत चालवायला बसले आणि पहिल्या सिग्नलला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले गं?"

"किल्ल्या लपव आई," मुलगा फोनवर म्हणाला होता. मुलगा बिचारा लांबून बोलत होता. ज्या माणसाने एकदा किल्ली हरवल्यावर कानशीने घासून नवी केली, त्याच्यापासून किल्ल्या काय लपवणार? म्हणून काका आंघोळीला गेल्यावर काकूंनी बॉनेट उघडलं, काळ्या खोक्याचं झाकण काढलं आणि पंपाचा फ्यूज काटे काढायच्या चिमट्याने ओढून काढला. इतकी वर्षं उजेड धरला होता, कुठला फ्यूज कशाचा हे त्यांना पाठ होतं. फ्यूज बटणांच्या डब्यात गेला.

त्यांना वाटलं होतं, काका दहा मिनिटांत शोधून काढतील. आरडाओरडा करतील. मग एकदाचं भांडण होईल, आणि भांडणात तरी सगळं बोलता येईल. वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती. कारण काकांचा नियम सगळ्या गल्लीला ठाऊक होता. कोणाची गाडी बंद पडली की ते फोनवर पहिलं हेच सांगायचे, "आधी फ्यूज बघ, मग तारा बघ, मग पाना हातात घे." पण पहिल्याच दिवशी त्यांनी आधी पाना हातात घेतला.

दुपारी एकपर्यंत काकांनी सगळं जागच्या जागी बसवलं. चिठ्ठ्या होत्या म्हणून बसलं. शेवटचा नट आवळून ते पायरीवर बसले.

"उद्या नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावतो."

"तुम्ही?"

"मग काय करू?" त्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले. "हे गेले बघ. बाकी विसरतो ते ठीक आहे. नावं विसरतो, रस्ते विसरतो. पण हे तरी राहतील असं वाटलं होतं."

काकू त्यांच्याकडे बघू शकल्या नाहीत. पाव संपलेत, असं काहीतरी पुटपुटून त्यांनी पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या.

दुकानात त्या शेल्फासमोर उभ्या राहिल्या. मेकॅनिक दोन मिनिटांत झाकण उघडणार आणि हसणार, काका, फ्यूज की हो! त्यापेक्षा आजच गुपचूप परत बसवला तर? उद्या काका एकदम गाडी सुरू करतील, छाती फुगवतील आणि परवा शाळेपाशी जातील. नाही बसवला तर आपण निकामी झालो असं समजून हा माणूस खुर्चीत बसून संपेल. इकडे आड नि तिकडे विहीर असं झालं होतं त्यांचं. "काय देऊ?" दुकानदाराने दोनदा विचारलं. काकू रिकामी पिशवी घेऊन परत निघाल्या.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना आवाज आला. इंजिन चालू होतं.

त्या धावल्या. या वयात, त्या चपलांनी, खरोखर धावल्या. फाटक बंद होतं. शेडमध्ये गाडी जागेवरच थरथरत होती आणि काका चालवायच्या सीटवर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. शर्टाचं मधलं बटण तुटलेलं. शेजारच्या सीटवर बटणांचा डबा होता आणि त्यावर उलगडलेली एक चिठ्ठी. अक्षर काकूंचं. 'पंपाचा फ्यूज. वरून तिसरा. मी काढला.'

लपवायच्या वस्तूला चिठ्ठी लावून ठेवणारी बाई जगात दुसरी नसेल. हात सवयीने चालला होता. काढलं की लिहायचं.

"बटण शोधत होतो," काका म्हणाले.

तयार ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही काकूंना आठवेना. "अहो..."

"सहा दिवस." ते समोर बघत होते. "सहा दिवसांत फ्यूज बघायचं मला सुचलं नाही."

काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. इंजिन अगदी सुरेख चालू होतं, मुद्दाम चिडवल्यासारखं.

"कशाने ओढलास? पाय वाकलेत त्याचे."

"चिमट्याने."

"झाकणाच्या आत पांढरी प्लास्टिकची चिमटी असते. तिने काढायचा."

"मला नाही दिसली. उजेड धरायला कोणी नव्हतं."

काकांना हसू आलं, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं.

"त्या शाळेपाशी कोणाला लागलं होतं का गं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. देवाशप्पथ नाही लागलं."

त्यांनी चावी उलट फिरवली. शेड एकदम शांत झालं. आता मेकॅनिकला बोलवायचं नाही, एवढं सांगून ते तिथेच बसून राहिले, आणि काकू घरात गेल्या. चावी मागायचं धाडस त्यांना झालं नाही. संध्याकाळीही झालं नाही. आता फ्यूज जागेवर होता, चावी काकांच्या खिशात होती, आणि त्यांच्या हातात काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर बटण तुटलेला शर्ट पडला होता. डबा कोणीतरी परत कपाटात ठेवला होता. काकूंनी सुईत दोरा ओवला आणि डबा उघडला. बटणांवर एक कागदाची पुडी होती. पुडीत फ्यूज, वाकलेले पाय नीट सरळ केलेला. कागदावरचं अक्षर काकांचं, कारकुनी, गोल, पण ओळी उताराला लागलेल्या.

'पंपाचा फ्यूज. वरून तिसरा. मी काढला. विसरलो तर दाखव.'

काकूंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. अडतीस वर्षांत काकांनी लिहिलेली ही पहिली चिठ्ठी होती.

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग पाने खडखडले.

"अगं, उजेड दे जरा! गाडी चालू होत नाहीये."

काकूंनी डोळे पुसले. टॉर्च घेतला, चिठ्ठी घेतली आणि त्या शेडमध्ये गेल्या. काका वाकलेले होते, हातात पाना.

"कालपर्यंत चांगली होती," ते म्हणाले. "एकदम काय झालं कोण जाणे."

काकूंनी चिठ्ठी त्यांच्यासमोर इंजिनावर ठेवली आणि उजेड धरला. काकांनी चष्मा वर ढकलला. ओठ हलवत एकदा वाचलं, मग परत एकदा वाचलं.

"अक्षर माझं आहे."

"हो."

"म्हणजे मीच काढलाय."

"तुम्हीच."

ते काळ्या खोक्याकडे बघत राहिले. विचारतील, असं काकूंना वाटलं. शाळा, डॉक्टर, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. त्यांनी उजेड तसाच धरून ठेवला. काकांनी पाना फडक्याने पुसला आणि पेटीत त्याच्या जागी ठेवला.

"मग काहीतरी कारण असणार," ते म्हणाले.

चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती काकूंच्या हातात दिली. "नीट ठेव. हरवू नकोस." मग दोन्ही हात वर करून त्यांनी बॉनेट धरलं, आणि खाली करण्याआधी नेहमीसारखं काकूंच्या हातांकडे पाहिलं.

"बोटं सांभाळ," ते म्हणाले.