मोठ्यांवर उसळणारा लांडगा

लांडगा कसा करायचा ते मला विचारा. हवा भरून फुगवायचा लांडगा मी धरत नाही. तो समोरचा ब्रॅडलीसुद्धा आणतो, पंप लावतो आणि आत जाऊन मॅच बघत बसतो. मी सांगते तो खरा, उसळी मारणारा. ज्याच्या जबड्यात तेल घालताना आपलाच जीव वरखाली होतो, तसला. तो आमच्या गॅरेजमध्ये तयार झाला आणि क्लेटनने केला असं सगळी गल्ली म्हणते. त्याचं कातडं मी शिवलं, हे मात्र कोणी म्हणत नाही.

क्लेटन माझा नवरा. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचं वर्ष एकाच महिन्याचं झालंय, ऑक्टोबरचं. बाकीचे महिने तो ऑक्टोबरची वाट बघतो आणि माझं डोकं खातो. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी मावलीच नाही. तिथे झाडावरून उतरणारी चेटकीण राहते, आपोआप उघडणाऱ्या शवपेट्या राहतात, आणि स्वतःचं मुंडकं शोधणारा एक शिपाई राहतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, हॅलोविनला, भुताखेतांचे पोशाख करून चॉकलेटं मागत गावातली यच्चयावत पोरं आमच्या अंगणात यायची. मग चर्चच्या पार्किंगमध्ये नवी टूम निघाली. आईबाप गाड्या रांगेने लावतात, डिक्या सजवतात, आणि पोरं या डिकीकडून त्या डिकीकडे पिशव्या पसरत फिरतात. लख्ख दिवे, कोरडे पाय, आणि चॉकलेटं मिळाली की चला घरी. गेल्या वर्षी आमच्या दारात बोटांवर मोजण्याइतकी पोरं आली. उरलेली चॉकलेटं क्लेटन नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत खात होता, पण त्यावर एक शब्द बोलला नाही.

बोलला तो या उन्हाळ्यात. हातातला पाना पुसत म्हणाला, "नॉर्मा, यंदा शेवटचं. यंदाही कोणी फिरकलं नाही तर हॅलोविननंतरच्या रविवारी डेल ट्रक आणून सगळं घेऊन जाईल."

डेल गावाबाहेर मक्याच्या शेतात तिकीट लावून भुताची वखार चालवतो, लोक पैसे देऊन घाबरायला जातात.

"सगळं म्हणजे?"

"सगळं. चेटकीण, पेट्या, मोटरा. मग गाडी आत ठेवू. चारचौघं ठेवतात तशी."

गाडी आत गेली की हा बाहेर काय करणार, ते मला दिसत होतं. माझे सासरे असेच एकदा टीव्हीसमोरच्या खुर्चीत हवामानाचा अंदाज बघायला बसले, ते पुन्हा धड उठलेच नाहीत. पण रडून क्लेटन ऐकत नाही, त्याला डिवचावं लागतं.

"शेवटचं तर शेवटचं," मी म्हटलं. "पण मग गेल्या वर्षीसारखं मुळमुळीत नको. डिकीवाल्यांची झोप उडेल असं काहीतरी कर. का आता जमत नाही तुला?"

"काय करू?"

"लांडगा कर."

त्याने डोळे बारीक केले. दुसऱ्याच दिवशी तो भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरची मोटर घेऊन आला, तेव्हा मला बरं वाटलं.

वायपरची मोटर का, तर ती पाऊसपाण्यात वर्षानुवर्षं एकच काम करते आणि कुरकुर करत नाही. तिच्या दांड्याने जबडा उघडतो आणि मिटतो. सांगाडा पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपांचा, बरगड्यांवर जुन्या गादीचा फोम. कातड्यासाठी मी चर्चच्या जुन्या बाजारातून खोट्या फरचे दोन कोट आणले. विकणारी बाई म्हणाली, "तुम्हाला मोठा होईल हो." मी म्हटलं, "ज्याला हवाय त्याला बेताचा होईल." मागच्या पायांखाली बिजागरी आणि दारं मिटणारी जाड स्प्रिंग, म्हणजे कळ सुटली की सबंध जनावर पुढे उभं राहतं. गुरगुरण्याचा आवाज विकतचे चार ऐकले, चारही मांजरीचे वाटले. शेवटी मी क्लेटनचं घोरणं फोनवर टिपलं आणि सावकाश करून लावलं. गॅरेजमध्ये ते घुमलं तेव्हा क्लेटन स्वतः दचकला.

"हे कुठलं जनावर?" त्याने विचारलं.

"याच्याबरोबर मी चाळीस वर्षं झोपतेय," मी म्हटलं.

कळ सोडण्याची युक्ती मात्र त्याची. आपोआप मिटणाऱ्या गॅरेजच्या दाराला खाली दोन विजेचे डोळे असतात, एकातून दुसऱ्यात किरण जातो. मधून कोणी गेलं की किरण तुटतो आणि उतरतं दार थांबतं. जुन्या दाराचे तेच डोळे काढून त्याने वाटेच्या दोन बाजूंना खांबांवर लावले. किरण तुटला की लांडगा उसळणार. डोळे त्याने स्वतःच्या छातीच्या उंचीवर बसवले, कारण खाली ठेवले तर कुत्री, रॅकून, उडता पाला, कशानेही लांडगा उगाच उठला असता. मग आम्ही तो किती वेळा तपासला म्हणून सांगू. क्लेटनवर उसळला, माझ्यावर उसळला, पोस्टमनवर उसळला. पोस्टमन आता आमची पत्रं कुंपणावरून टाकतो.

हॅलोविनच्या संध्याकाळी गावाचा भोंगा वाजला. तो वाजला की पोरांनी दारोदार निघायचं आणि पुन्हा वाजला की घरी जायचं. आम्ही धूर सोडला, लांडग्याच्या पुढच्या पंजांमध्ये चॉकलेटांचा वाडगा ठेवला आणि झुडपामागे जाऊन बसलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पार्किंगच्या बाजूला आभाळ उजळलेलं दिसत होतं. क्लेटन स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.

बऱ्याच वेळाने तिसऱ्या घरातली हॅडली आली. चार वर्षांची, मक्याच्या कणसाचा पोशाख केलेली. मागे रस्त्यावर तिचा बाप ट्रेव्हर फोनमध्ये डोकं घालून उभा. कणीस वाटेने डुलत आलं, खांबांमधून गेलं. लांडगा गप्प. क्लेटनने माझा हात घट्ट धरला.

"मोटर गेली," तो कुजबुजला.

मोटर ठणठणीत होती. पोरगी किरणाच्या खालून गेली होती. दोन महिने आम्ही दोन म्हातारी माणसं एकमेकांवर लांडगा सोडत बसलो, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्यांची उंची आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. क्लेटनचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

हॅडली लांडग्यापाशी पोचली. तिने त्याच्या छातीतली फर कुरवाळली, त्याच्या दातांकडे नीट बघितलं आणि एक चॉकलेट उचललं.

"हॅडली, चल, उशीर होतोय," म्हणत ट्रेव्हर वाटेवर आला. चांगला सहा फुटी गडी. किरण तुटला. लांडगा पोरीच्या डोक्यावरून उभा राहिला, डोळे पेटले, क्लेटनचं घोरणं गरजलं आणि ट्रेव्हर पाल्याच्या ढिगात पाठीवर पडला. त्याचा फोन माझ्या गुलाबात गेला.

कणीस हसून हसून आडवं झालं. मग उठून म्हणालं, "बाबा, पुन्हा."

ट्रेव्हर पाला झटकत उठला. "क्लेटन, तुझ्या—" एवढं म्हणून त्याने पोरीकडे बघितलं आणि बाकीचं गिळलं.

"मला आजोबांना आणायचंय," हॅडली म्हणाली. "आजोबा कुठेत?"

"पार्किंगमध्ये. डिकी मांडून बसलेत."

ती त्याला ओढतच घेऊन गेली.

क्लेटन पाना घेऊन खांबाकडे निघाला. "डोळे खाली घेतो, झटक्यात होईल."

मी त्याची कॉलर धरली. "हात लावशील तर बघ."

"अगं, चूक झालीय."

"झाली ना? आता ती तशीच राहू दे."

पुढे काय झालं ते पार्किंगवाल्यांना विचारा. एक कणीस तिथे जाऊन सांगत सुटलं की एक लांडगा आहे, तो लहानांना काही करत नाही, फक्त मोठ्यांना धरतो. पोरांना आणखी काय हवं? ज्या आईबापांनी त्यांना रांगेत उभं राहा, थँक्यू म्हण, एकच घे, असं शिकवलं, त्यांना घाबरवायला फुकटचं जनावर मिळालं होतं. सजवलेल्या डिक्या तशाच घेऊन गाड्या आमच्या गल्लीत येऊ लागल्या. पोरं आईबापांना हाताला धरून आणत होती, "काही नाहीये, चल ना," असं मोठ्यांचंच वाक्य त्यांना ऐकवत होती. ब्रॅडली मॅच सोडून आला आणि त्याने बायकोला पुढे ढकललं. लांडगा तिच्यावर उसळला आणि ती ब्रॅडलीवर. क्लेटन झुडपातून बाहेर येऊन उघड उघड नाचत होता. मी दोनदा आत जाऊन वाडगा भरून आणला.

भोंग्याची वेळ होत आली तेव्हा मिस ओपल आल्या. कोपऱ्यावरच्या घरात राहतात, अर्ध्या गावाला त्यांनी पियानो शिकवलाय, पाठीला आता पुरता बाक आलाय. काठी टेकत त्या वाटेने निघाल्या, खांबांमधून गेल्या. लांडगा हलला नाही. रांगेतली पोरं बघायला पुढे सरकली.

"बंद पडला?" त्यांनी विचारलं.

क्लेटन चाचरत म्हणाला, "नाही मिस ओपल. तो लहानांना सोडून देतो."

"मी लहान? तू खुर्चीवर उशा ठेवून बसायचास माझ्याकडे. मला सोडून देतो म्हणजे काय?"

त्या मागे फिरून पुन्हा खांबांच्या मधोमध उभ्या राहिल्या. काठी हॅडलीच्या हातात दिली. "हात दे," त्या क्लेटनला म्हणाल्या. तो किरणाच्या बाहेर उभा राहिला आणि त्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्या ताठ होऊ लागल्या. एकेक मणका सरळ होत होता, ओठ दाबलेले होते. दुखत होतं ते दिसत होतं, आणि थांबवायची कोणाची छाती नव्हती. पांढरा अंबाडा वर वर गेला आणि किरण तुटला.

लांडगा त्यांच्यावर उभा राहिला. मिस ओपलनी अशी एक शिवी हासडली की रांगेतल्या सगळ्या आयांनी पोरांचे कान झाकले. मग त्या क्लेटनच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"ते डोळे पुढच्या वर्षी चार बोटं खाली घे," श्वास घेत त्या म्हणाल्या. "मी दरवर्षी थोडी कमी होतेय."

"घेतो."

"आणि तोवर त्याहून कमी झाले तर?"

"तर पुढच्या वर्षी तुम्हाला उचलून धरीन," क्लेटन म्हणाला. "पण यायचंच."

हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला, सगळ्या गल्लीदेखत. माझे डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं. मग रिकामा वाडगा उचलला, आत गेले आणि ट्रक आणू नकोस म्हणून डेलला फोन केला.