वरचा थर

पाटी विणू गं बाई, आधी विणू तिचा तळ
तळाला गं कोण बघे, त्याच्या अंगी सारं बळ

हरसूलच्या भागीबाईचा हा आवाज. तो मी ऐकला तेव्हा माझा जन्मही पुरा झाला नव्हता. तिच्या मांडीपुढं मी नुसता बांबूच्या कामट्यांचा तळ होते, चांदणीसारखा पसरलेला. ती गात होती, विणत होती, आणि गाण्यातल्या कडव्यांसारखे माझ्या अंगावर वेढे चढत होते.

मित्रांनो, मी बांबूची पाटी आहे. आता जुनी झाले, काठ एका बाजूनं उसवला. माणसं मला निर्जीव म्हणतात. म्हणू देत बिचारी! सजीवांचे गुण मी इतक्या जवळून पाहिलेत की त्यांच्यात माझी गणना नाही याचंच बरं वाटतं.

भागीबाईनं मला पुरी केली, पालथी घातली, तळावर थाप मारून पाहिली आणि मगच बाजारात मांडली. तिथून मला सखुबाईनं उचललं. सखुबाई नाशिकजवळच्या मखमलाबादची. फुलं आणि पालेभाज्या पिकवून शहरात विकणारं घर. मुलगा गोरक्ष, सून, आणि नात योगिनी. पहाटे दवासकट शेवंती माझ्यात पडायची तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही.

मग मला घराची रीत कळली. कालची उरलेली, पाकळ्या गळू लागलेली फुलं आधी खाली जायची. त्यांच्यावर आजची टपोरी, देठ खाली आणि तोंड वर. हा वरचा थर योगिनी लावायची. तिची बोटं बारीक, नेटकी.

‘‘वरची फुलं हसली पाहिजेत बघ, योगे,’’ गोरक्ष सांगायचा. ‘‘गिऱ्हाईक वरचं बघतं.’’

‘‘आणि खालची, पप्पा?’’

‘‘खालची घरी गेल्यावर दिसतील त्याला.’’

दोघं हसायची. सखुबाई नातीच्या गालावरून हात फिरवून म्हणायची, ‘‘लय गुणाची हाय माझी बाय.’’ म्हणजे गुण कशाला म्हणतात, तेही लेकराला तिथंच कळलं. देवाच्या फोटोला मात्र या घरात नेहमी ताजी फुलं. देव खालपर्यंत हात घालतो, अशी धास्ती असावी.

गिऱ्हाइकं तरी कुठं सोवळ्यातली? भेंडीची शेपटं मोडून टाकतील, नजर चुकवून दोन मिरच्या पिशवीत सारतील, आणि बोट धरून उभ्या असलेल्या पोराला सांगतील, ‘‘कुणाच्या वस्तूला हात लावू नये हं, बाळा.’’ बाळ मिरच्यांकडं बघत असतं. मोठ्यांना वाटतं लेकरं ऐकून शिकतात. एवढी वर्षं लेकरं जन्माला घालूनही या लोकांना एवढं साधं उमगलेलं नाही.

एकदा थर लावता लावता योगिनी म्हणाली, ‘‘आज्जी, आमच्या शुभांगी मॅडमपण वरचा थर लावतात.’’

‘‘म्हंजी गं?’’

‘‘उद्या शाळेत साहेब येणारेत तपासायला. हुशार मुलं पुढच्या बाकावर. मी आणि बाकीची कच्ची मागं. मॅडम म्हणाल्या, मान खाली घालून बसा, बोलायचं नाही.’’

सखुबाई हसता हसता थांबली. काहीतरी तिच्या ओठापर्यंत आलं होतं. ते तिनं पानाच्या पिचकारीबरोबर थुंकून टाकलं.

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. पाहुण्यांच्या स्वागताला फुलांची मोठी रांगोळी काढायची होती. फुलं कोण आणणार, असं मॅडमनी विचारलं आणि मागच्या बाकावरून योगिनीचा हात वर गेला. गोरक्ष घाईत होता. ‘‘भर तुझी तू पाटी,’’ म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. पोरीनं भरली. मन लावून भरली. कालची शेवंती खाली, आजची वर, एकेक फूल हसतं करून. मला माझ्या उभ्या जन्मात कुणी इतकं सुरेख भरलं नव्हतं.

शुभांगी मॅडमनी वरचं रूप पाहिलं, ‘‘वा गं वा!’’ म्हटलं, आणि अंगणात अंथरलेल्या चादरीवर मला पालथी केली. पाटी पालथी झाली की तळ वर येतो. काळवंडलेली, चिकट, वास मारणारी फुलं सगळ्यांत वर येऊन बसली. पोरं नाकं धरून खिदळायला लागली.

‘‘कुणी भरली ही?’’

‘‘मी!’’ योगिनी म्हणाली. मित्रांनो, ती अभिमानानं म्हणाली.

‘‘सडकी फुलं खाली लपवून?’’

‘‘मॅडम, पाटी अशीच भरतात.’’

गोरक्षला बोलावणं गेलं. तो आला, फुलं पाहिली, भोवतीची माणसं पाहिली, आणि त्याचा आवाज एकदम साधुसंताचा झाला. ‘‘आमच्या घरात असलं चालत नाय, मॅडम. कुठून शिकली, देव जाणे!’’ मग पोरीचा दंड धरून म्हणाला, ‘‘कुणी शिकवलं गं तुला? बोल!’’

योगिनीनं बापाकडं पाहिलं. उत्तर तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. तिनं ओठ मिटून घेतले.

‘‘चूक झाली म्हण,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘चूक झाली.’’

मागच्या भिंतीवर ‘नेहमी खरे बोलावे’ असं रंगवलेलं होतं. अक्षर मोठं सुबक. भिंतीचं काय, जे रंगवाल ते ती बोलते.

त्या दिवसापासून योगिनीनं फुलांना हात लावला नाही. बापाशी ती कामापुरतं बोलायची. एकदा आजीच्या कुशीत शिरून तिनं विचारलं, ‘‘आज्जी, मी वाईट हाय का गं?’’ सखुबाईनं तिला घट्ट धरलं. नुसतं घट्ट धरलं. त्या घरात कुणीतरी ‘नाही’ एवढा शब्द उच्चारायला हवा होता, आणि तेवढाही कुणाला परवडला नाही.

पुढं प्लास्टिकची क्रेट आली. माझी रवानगी गोठ्यामागं झाली. तिथं एक कोंबडी माझ्यात अंडी घालायची. तिचं आत-बाहेर सारखंच होतं. त्या घरातली तेवढीच सोबत मला मानाची वाटली.

दसरा आला तसा झेंडूचा ढीग लागला, क्रेट अपुरी पडली आणि मला झटकून पुन्हा अंगणात आणलं. सगळे धांदलीत होते. योगिनी आपणहून माझ्यापाशी बसली. मी तिची बोटं ओळखली. पण या वेळी ती उलटी चालत होती. केशरी, टपोरा झेंडू तळाला. चेंगरलेला, काळा पडलेला सगळा वर. वरून ओलं फडकं टाकलं आणि ती हात पुसून उठली.

पंचवटीत रस्त्याच्या कडेला दुकान मांडलं. गर्दी मावत नव्हती. आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी गोरक्षनं माझ्यावरचं फडकं काढलं, तर समोर शुभांगी मॅडम.

‘‘शी! सणाला असली फुलं विकता?’’ मग त्यांनी योगिनीला पाहिलं आणि त्या हसल्या. ‘‘अच्छा, हिनं भरली वाटतं. अहो, अजून काही शिकवलं नाहीत का तुम्ही लेकीला?’’

माणसं वळून बघू लागली. गोरक्षचा हात उठला. योगिनी जागची हलली नाही. तिनं कोपरापर्यंत हात माझ्यात घातला, अगदी तळातून एक झेंडू काढला आणि बापापुढं धरला. दिव्यासारखा पेटलेला झेंडू.

‘‘खालची चांगली हायेत, पप्पा. घरी गेल्यावर दिसतील.’’

मित्रांनो, माझ्यासारखीनं शेवटी चार शहाणपणाचे शब्द सांगायची पद्धत आहे. पण शहाणपण सांगणाऱ्यांचा मला वीट आला आहे. तुम्ही एवढंच करा. कुणी मोठं माणूस तुम्हाला चांगलं-वाईट शिकवू लागलं, की भागीबाईनं मला पाहिलं तसं त्याला मनातल्या मनात एकदा पालथं घालून बघा. आणि तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या लेकरांनाही तसं बघू द्या.

गोरक्षचा हात हवेतच राहिला होता. तो हळूहळू खाली आला आणि त्यानं ते फूल घेतलं. गर्दी थांबली होती, मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. पण तो त्यांच्याकडं वळला नाही. रस्त्यावरच, लेकीच्या उंचीइतका खाली बसला.

‘‘शिकवलं होतं, मॅडम,’’ तिच्याकडं बघतच तो म्हणाला. ‘‘सडकं खाली, चांगलं वर, हे मीच शिकवलं तिला. त्या दिवशी शाळेत माझं नाव घेतलं नाय पोरीनं, आणि मी घेऊ दिलं नाय. योगे, वाईट तू नव्हतीस गं. खोटं मी बोललो.’’