खुंटीवरच्या तीन गाठी

बिरूला गिटार वाजवता येत नव्हती, असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला तार लावता येत नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गुलमंडीतल्या माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या एकाही शहाण्याला पटत नाही.

बिरू फुलंब्रीकडचा धनगराचा पोरगा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि दर कार्यक्रमात एक तार तोडायचा. शेवटी मालक तात्यासाहेबांनी बजावलं, "रविवारी तुटली की तू घरी." म्हणून शनिवारी सकाळी तो तोंड पाडून माझ्यासमोर बसला.

"कमरोद्दीन चाचा, तारा कंपनीच्याच कच्च्या निघत्यात."

मी खुंट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक खुंटीवर तारेला तीन-तीन गाठी, त्याही करकचून.

"अबे, हे काय? मेंढी बांधली का?"

"आमच्या आबाची गाठ हाय. एक कोकरू सुटलं नाय आजवर."

"कोकरू नाय सुटत, पण तार गाठीतच मोडती ना! आन् हात असा दणक्याचा, तर इतक्या पातळ तारा कशाला घेतो?"

सगळ्या तारा बदलल्या, एका नंबरानं जाड घेतल्या. खुंटीच्या भोकाची धार कानशीनं घासली. तार जराशी सैल ओवून अडीच वेढे दिले, एकाखाली एक. गाठ मारली नाही.

"सुटंल, चाचा. लई भ्या वाटतंय."

"सुटली तर माझी दाढी काप."

रविवारी पुंडलिकनगरच्या मंगल कार्यालयात मी स्वतः जाऊन बसलो. दाढीचा प्रश्न होता. पहिली दोन गाणी बिरू तारांना नुसता गोंजारत होता. मला राहवेना. "जेवला नाय का बे? वाजव!" मी ओरडलो.

मग त्यानं वाजवलं. तार टिकली. त्यानं आणखी जोर लावला, तरी टिकली. गाणं संपलं, बाकीचे वादक थांबले, हा डोळे मिटून एकटाच सुटला. तिकडे मुहूर्त आला. गुरुजी अंतरपाट धरून उभे, नवरदेव घामाघूम. तात्यासाहेब धावत माझ्याकडे आले.

"ठेवतो बाबा त्याला कामावर, कायमचा ठेवतो! पण आत्ता थांबवा!"

गिटारची वायर माझ्या पायाशीच होती. ओढायला मी जरा वेळच लावला. इतका खूश मी माझ्या निकाहातसुद्धा नव्हतो.